भूकंप म्हणजे फक्त जपान-नेपाळ? इंदूरच्या मुलांचा धडा नर्मदेच्या काठावरून सुरू व्हायला हवा

इंदूर : "भूकंप कुठे होतात?" असं शाळकरी मुलांना विचारलं की उत्तरं पटापट येतात. जपान. नेपाळ. हिमालय. फार तर गुजरातचं भूज. परीक्षेच्या दृष्टीने ही उत्तरं बरोबर आहेत, मार्कही पूर्ण मिळतात. पण इंदूरपासून जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवर, ज्या नदीचं पाणी नळाला येतं, त्या नर्मदेचं नाव या यादीत सहसा नसतं. जळगाव, बऱ्हाणपूर, खंडवा किंवा बैतूलच्या मुलांच्या यादीतही सातपुडा नसतो.

भूकंपाची कारणं आणि परिणाम हा धडा अभ्यासक्रमात आहे, प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा आहे की पुस्तकातला भूकंप दूरच्या देशात होतो आणि आपल्या भागातला भूकंप पुस्तकाबाहेर राहतो. म्हणून हा धडा आपल्या जमिनीवर उभा राहून समजून घेऊ.

दोन राज्यं, दोन शब्द, गोष्ट एकच

इंदूरमधल्या बहुतेक मराठी घरांतली मुलं हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. एनसीईआरटीच्या सातवीच्या भूगोलात आणि आठवीच्या विज्ञानात अनेक वर्षं भूकंपाचा भाग होता. महाराष्ट्रात बालभारतीच्या नववीच्या भूगोलात ‘अंतर्गत हालचाली’ या पाठात तो येतो. दिवाळीच्या सुट्टीत इंदूरचा भाऊ आणि जळगावची बहीण एकत्र अभ्यासाला बसले, तर शब्दांवरूनच घोळ होतो. हिंदी पुस्तकातलं ‘अधिकेंद्र’ म्हणजे मराठी पुस्तकातलं ‘अपिकेंद्र’. जमिनीखाली जिथे खडक सरकतो, ती जागा मराठीत ‘भूकंपनाभी’, हिंदीत ‘उद्गम केंद्र’. नाभीच्या बरोबर वर, जमिनीच्या पृष्ठभागावर असतं ते अपिकेंद्र. एवढं लक्षात ठेवलं की दोन्ही पुस्तकं एकच बोलतात.

आता कारण. पृथ्वीचं कवच एकसंध नाही, ते मोठमोठ्या तुकड्यांचं आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर, म्हणजे तीनेक बोटांच्या रुंदीएवढा, उत्तरेकडे सरकतो आणि युरेशियन भूपट्टाला रेटतो. या रेट्यातूनच हिमालय उभा राहिला आणि तिथले मोठे भूकंपही त्यातूनच होतात. पुस्तकातली गोष्ट बहुधा इथे संपते.

पण एका टोकाला दिलेला रेटा तिथेच थांबत नाही. भरलेलं कपाट भिंतीकडे ढकललं तर भिंतीला टेकलेली बाजू दाबली जातेच, पण कपाटाची जुनी सैल चूलही कुरकुरते. भारतीय भूपट्टाच्या अंगातही अशा जुन्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चिरा आहेत. त्या भरल्यासारख्या वाटतात, पण पूर्ण सांधलेल्या नाहीत. हिमालयाकडून येणारा ताण या चिरांवर हळूहळू साठत जातो.

वर्गात खडू हातात घेऊन हे दाखवता येतं. खडूची दोन्ही टोकं धरून हळूहळू वाकवा. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एका क्षणी तो कट्कन मोडतो. मोडण्याचा क्षण छोटा असतो, ताण साठण्याचा काळ मोठा. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर एच. एफ. रीड या अभ्यासकाने मांडलेला सिद्धांत साध्या भाषेत हाच आहे. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर खात्यावर बाकी चढत जाते आणि जमीन ती एकदम चुकती करते. फरक इतकाच की या खात्यात वसुलीची तारीख लिहिलेली नसते.

आपल्या पायाखालची रेष

नर्मदा पश्चिमेकडे का वाहते, असा प्रश्न भूगोलात हमखास येतो. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधल्या खचदरीतून ती वाहते, हे त्याचं उत्तर. ही खचदरी म्हणजेच पृथ्वीच्या कवचातल्या एका जुन्या चिरेची वरून दिसणारी खूण. भूगर्भशास्त्रज्ञ तिला नर्मदा-सोन पट्टा म्हणतात. पूर्वेला सोन नदीच्या खोऱ्यापासून पश्चिमेला भरुचपर्यंत तो पसरलेला आहे. म्हणजे नदीच्या दिशेचा प्रश्न आणि भूकंपाचा प्रश्न हे पुस्तकात दोन वेगळ्या पानांवर असले, तरी जमिनीत ते एकाच जागी आहेत.

या पट्ट्यातल्या गेल्या शतकातल्या काही ठळक नोंदी पाहा :

- २ जून १९२७ : सोन खोऱ्यात सुमारे ६.५ मॅग्निट्यूडचा भूकंप.
- १४ मार्च १९३८ : खानदेश आणि निमाड यांच्यामधल्या सातपुड्यात ६ पेक्षा मोठा भूकंप. तो खूप खोल, सुमारे ४० किलोमीटरवर झाला आणि दूरदूरपर्यंत जाणवला.
- २५ ऑगस्ट १९५७ : बालाघाट भागात ५.५ चा भूकंप.
- २३ मार्च १९७० : नर्मदेच्या मुखाकडे भरुचला ५.४ चा भूकंप. यात जीवितहानीही झाली.
- २२ मे १९९७ : जबलपूरला ५.८ चा भूकंप.

याशिवाय १९९८ मध्ये खंडवा जिल्ह्यातल्या पंधाना भागात छोट्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली होती. जमिनीतून आवाज यायचे, भांडी खडखडायची. असाच प्रकार पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून झाला आणि गावकऱ्यांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या. पालघर नर्मदा पट्ट्यात येत नाही, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ असंच तिथल्याही बहुतेकांना वाटत होतं.

‘आपला दगड टणक आहे’ हा गैरसमज

माळवा असो की महाराष्ट्राचं पठार, खाली काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर आहेत. ‘एवढा टणक दगड, इथे काय हलणार?’ असं मोठी माणसंही म्हणतात. पण बेसॉल्ट हे वरचं झाकण आहे. जबलपूरच्या भूकंपाची नाभी सुमारे ३५ किलोमीटर खोल होती, बेसॉल्टच्या कितीतरी खाली. झाकण टणक असलं म्हणून आतला ताण नाहीसा होत नाही.

याची सर्वात महाग शिकवणी महाराष्ट्राने किल्लारीत घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या आधी लातूर-धाराशिवचा हा भाग भूकंपाच्या सरकारी नकाशात सर्वात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये, तिथे छोटे धक्के बसले होते. त्यानंतर अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली असताना ६.२ चा भूकंप झाला आणि सरकारी आकड्यानुसार जवळपास आठ हजार माणसं गेली. पुढे २००२ मध्ये नकाशा बदलला. झोन १ रद्द झाला आणि लातूरचा भाग झोन ३ मध्ये गेला. त्या नकाशात जबलपूर आणि नर्मदेचं खोरंही झोन ३ मध्येच आहे.

यातून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट घ्यावी. नकाशा म्हणजे माणसाला तोवर मिळालेल्या माहितीची नोंद. जमीन नकाशा वाचून हलत नाही.

मॅग्निट्यूड आणि तीव्रता : बातम्यांतली नेहमीची गल्लत

‘रिश्टर स्केलवर ५.८ तीव्रतेचा भूकंप’ असं वाक्य बातम्यांत सर्रास येतं. शास्त्राच्या दृष्टीने यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. मॅग्निट्यूड म्हणजे भूकंपाने एकूण किती ऊर्जा सोडली याचं माप. ते एका भूकंपाला एकच असतं. तीव्रता म्हणजे एखाद्या गावात तो किती जाणवला, किती पडझड झाली याचं माप. ती गावागणिक बदलते. शंभर वॅटचा दिवा शंभर वॅटचाच असतो, पण त्याच्याखाली बसलेल्याला लख्ख दिसतं आणि गल्लीच्या टोकाला उभ्या माणसाला अंधुक. वॅट म्हणजे मॅग्निट्यूड, उजेड म्हणजे तीव्रता.

मॅग्निट्यूडचा आकडा साध्या मोजपट्टीसारखा वाढत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. त्यामुळे ७ चा भूकंप ६ पेक्षा ‘थोडासा मोठा’ नसतो. तो तीस-बत्तीस भूकंपांएवढा असतो.

ऊर्जा चौपट, मृत्यू शंभर पटींहून जास्त

आता जबलपूर आणि किल्लारी शेजारी ठेवून हिशेब मांडू. जबलपूर ५.८, किल्लारी ६.२. फरक ०.४ चा. ऊर्जेच्या भाषेत किल्लारी सुमारे चौपट. मग मृत्यूही चौपट असायला हवे होते का? प्रत्यक्षात जबलपूरचा मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत ३८ ते ५६ असा सापडतो, तर किल्लारीचा जवळपास आठ हजार. म्हणजे फरक शंभर पटींहून जास्त.

चौपटीचे शंभर पट कसे झाले, हे समजलं तर ‘भूकंपाचे परिणाम’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने समजला.

पहिलं कारण खोली. जबलपूरची नाभी ३५ किलोमीटर खाली होती, किल्लारीची त्या मानाने खूप उथळ, दहा किलोमीटरच्या आत-बाहेर. नाभी जितकी वर, तितका वरच्या गावांना बसणारा हादरा थेट आणि जोराचा.

दुसरं कारण घरं. किल्लारी भागातली घरं जाडजूड दगडी भिंतींची होती, पण दगड बसवले होते मातीत. वर उन्हापासून बचावासाठी मातीचा जाड थर दिलेलं माळवद. उन्हाळ्यात थंड राहणारं हे घर हादऱ्यात सर्वात धोक्याचं ठरलं. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते, त्यामुळे भिंत मधूनच फुटली आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. भिंतीत आरपार जाणारे लांब दगड, चौकटींच्या वर सगळीकडून फिरणारी काँक्रीटची पट्टी आणि हलकं छत असतं, तर बरीच घरं तडे जाऊनही उभी राहिली असती. नंतरच्या पुनर्वसनात आणि दुरुस्तीत नेमक्या याच गोष्टींवर भर दिला गेला.

तिसरं कारण वेळ. किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. जबलपूरचा ४ वाजून २१ मिनिटांनी. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही ४ वाजून २१ मिनिटांनीच. हे आकडे पाहून ‘भूकंप पहाटेच येतो’ असा समज होऊ शकतो. पण तो योगायोग आहे. भूजचा भूकंप सकाळी ८.४६ ला झाला, २०१५ चा नेपाळचा दुपारच्या सुमारास. जमिनीला घड्याळ नसतं. पहाटेच्या वेळेचा खरा अर्थ इतकाच, की तेव्हा माणसं घरात असतात आणि घर कच्चं असेल तर सुटका नसते. भूकंपाच्या हादऱ्याने सहसा माणूस मरत नाही. तो मरतो अंगावर पडणाऱ्या भिंतीने.

भूजने शहरांना काय शिकवलं

किल्लारी हा खेड्यांचा भूकंप होता. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप, मॅग्निट्यूड ७.७, हा शहरांसाठीही धडा होता. मध्य प्रदेशातही तो जाणवला. अपिकेंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. कारणं दोन. काही भागांत इमारतींखाली नदीच्या गाळाची मऊ जमीन होती. मऊ जमिनीत लाटा मोठ्या होतात, जसं परातीतल्या शिऱ्यापेक्षा जेली जास्त थरथरते. दुसरं कारण, अनेक इमारतींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार होता, खाली नुसते खांब. हादरा बसला की सगळा ताण या खांबांवर येतो. जबलपूरमध्येही १९९७ मध्ये पार्किंगवर उभ्या असलेल्या काही इमारतींचे तळमजल्याचे खांब असेच फाटले होते.

इंदूरमध्ये कोणत्याही नव्या कॉलनीत फेरी मारा, खांबांवरच्या पार्किंगवर उभ्या इमारती रांगेने दिसतील. पुणे, नागपूर, जळगावातही तेच. अशी प्रत्येक इमारत धोक्याची असते असं अजिबात नाही. भूकंपाचा विचार करून खांब, भिंती आणि सळई दिलेली असेल तर ती टिकते. पण ते दिलंय का, हा प्रश्न घर घेणारा विचारतच नाही. तो टाइल्स, लिफ्ट आणि पार्किंगची जागा बघतो. खांबातल्या सळयांभोवतीच्या रिंगा किती जवळ आहेत, त्यांची टोकं आत वाकवली आहेत का, हे काँक्रीट ओतल्यावर कायमचं झाकलं जातं.

भूजच्या त्याच सकाळी अंजार गावात शाळकरी मुलं प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंच्या इमारती कोसळल्या. १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक गेले. आज तिथे त्यांचं स्मारक आहे. ‘भूकंप आला की बाहेर पळा’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पण बाहेर म्हणजे कुठे? मैदानात असाल तर ठीक. दोन उंच भिंतींमधल्या बोळात असाल तर तो ‘बाहेर’ आतपेक्षाही वाईट. इंदूरच्या राजवाडा-सराफ्याच्या जुन्या गल्ल्या असोत की बऱ्हाणपूरच्या, तिथे राहणाऱ्या मुलांना हा फरक कळायलाच हवा.

धरणामुळे भूकंप होतो का?

हा प्रश्न मुलं हमखास विचारतात, आणि निमाडात तर विचारायलाच हवा, कारण इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही मोठी धरणं इथेच नर्मदेवर आहेत. उत्तराचं उदाहरण कोयना आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागलं आणि त्यानंतर परिसरात धक्के जाणवू लागले. १९६७ ला ६.३ चा भूकंप झाला आणि सुमारे १८० जणांचा जीव गेला. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेचं नाव आज जगभर घेतलं जातं. कऱ्हाडला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन खडकांचा अभ्यास झाला आहे.

पण इथे शब्द जपून वापरावा लागतो. पाणी नवीन ताण निर्माण करतं असं नाही. खडकात आधीच ताण साठलेला असतो, भेगांत शिरलेलं पाणी आणि त्याचा दाब हा फक्त निमित्त ठरतो. ओल्या फरशीवर पाय घसरतो, तेव्हा आपलं वजन पाण्याने दिलेलं नसतं, पाण्याने फक्त पकड सोडवलेली असते. आणि प्रत्येक धरणामुळे भूकंप होतो असंही नाही. देशात हजारो धरणं आहेत, कोयनेसारखी उदाहरणं मोजकीच. म्हणून धरण दिसलं की घाबरायचं नाही, पण तिथली भूकंपमापक यंत्रं चालू आहेत का हे विचारत राहायचं.

आठ सेकंदांचं गणित

आता सर्वात उपयोगाचा भाग. भूकंपाच्या लाटा मुख्यतः दोन टप्प्यांत येतात. पहिली प्राथमिक लाट, जिला ‘पी’ लाट म्हणतात. ती वेगवान पण सौम्य असते, सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. दुसरी दुय्यम किंवा ‘एस’ लाट. ती सावकाश येते, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर, पण खरा हलवणारा झटका तीच देते.

समजा, नर्मदेच्या पट्ट्यात, इंदूरपासून ७० किलोमीटरवर भूकंप झाला. पहिली लाट ७० भागिले ६, म्हणजे सुमारे १२ सेकंदांत पोचेल. दुसरी ७० भागिले साडेतीन, म्हणजे २० सेकंदांत. दोघींत अंतर ८ सेकंदांचं. सहावीच्या मुलालाही हे गणित जमतं.

खिडक्यांची खडखड, बाकाला हलकी थरथर म्हणजे पहिली लाट. तिथून मोठा झटका यायला आठ सेकंद. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या वर्गातली पन्नास मुलं जिन्याने खाली उतरू शकतील का? नाही. उलट जिन्यातच चेंगराचेंगरी होईल, आणि जिना हा इमारतीचा अनेकदा कमकुवत भाग असतो. पण त्याच आठ सेकंदांत प्रत्येक मूल बाकाखाली नक्की शिरू शकतं. हिंदीत ‘झुको, ढको, पकड़ो’ शिकवतात त्याचं कारण हे गणित आहे. मराठीत सांगायचं तर खाली बसा, डोकं झाका, बाक घट्ट धरा. हादरे थांबले की मग रांगेने मैदानात. कारण समजलं की मुलं सूचना पाळतात. नाहीतर कवायतीच्या वेळी हसतात आणि खऱ्या वेळी पळतात.

घर दगड-मातीचं, एकमजली आणि दार दोन पावलांवर असेल, तर मात्र लगेच मोकळ्यावर जाणंच शहाणपणाचं. म्हणजे नियम एकच नाही, इमारत पाहून ठरवावा लागतो. हेही शिक्षणच आहे.

इंदूरला काय पणाला लागलं आहे

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०११ मध्ये शाळा सुरक्षा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा झोन ४ आणि ५ मधले जिल्हे निवडले होते. मध्य प्रदेश तेव्हा झोन २ आणि ३ मध्ये होता, म्हणून तो त्या निकषात बसत नव्हता. मर्यादित पैसा जास्त धोक्याच्या जागी आधी जाणार, हे समजण्यासारखं आहे. पण झोन ३ म्हणजे ‘धोका नाही’ असा अर्थ मुलांच्या, शिक्षकांच्या आणि पालकांच्या मनात बसला, तर किल्लारीचा झोन १ आठवावा.

इंदूरच्या बाबतीत विचार फक्त इमारतींचा नाही. शहराला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं. सुमारे सत्तर किलोमीटरची पाइपलाइन, मध्ये पंपिंग स्टेशनं आणि घाटाची चढण. खोऱ्यात मोठा हादरा बसला आणि इंदूरमध्ये एकही भिंत पडली नाही, तरी ही लाइन बंद पडली तर काय? घरातल्या टाक्या किती दिवस पुरतील? पुस्तकातल्या ‘परिणाम’ या शीर्षकाखाली जीवितहानी, वित्तहानी, भूस्खलन असे शब्द असतात. ‘नळाला पाणी न येणं’ हा परिणाम तिथे लिहिलेला नसतो, पण इंदूरच्या मुलाला तो सर्वात आधी कळेल.

जुन्या बांधकामांकडेही डोळसपणे बघता येईल. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. लाकडी सांगाडा हादऱ्यात लवतो, दगडी भिंत लवत नाही, ती तडकते. सहलीला नेलेल्या मुलांना होळकरांच्या इतिहासासोबत हेही पाच मिनिटांत दाखवता येतं.

एक खबरदारी मात्र हवी. माळव्याच्या काळ्या मातीत घरांना उन्हाळ्यात तडे पडतात आणि पावसाळ्यात ते कमी-जास्त होतात. ही माती पाण्याने फुगते, सुकली की आकसते. असा प्रत्येक तडा भूकंपाचा नसतो. मात्र अशा तड्यांनी कमजोर झालेली भिंत हादऱ्यात आधी पडू शकते, म्हणून दुरुस्ती वेळेवर हवी.

शाळेत पैसे न घालता काय करता येईल

- वर्गाचा नकाशा काढा. डोक्यावर काय पडू शकतं त्याची यादी करा : पंखा, कपाटावरची ट्रॉफी, भिंतीला न बांधलेलं रॅक, काचेचं तावदान.
- उंच कपाटं आणि रॅक भिंतीला पट्टीने बांधा. एक पट्टी आणि चार स्क्रू, एवढाच खर्च.
- शाळेचा जिना, दार आणि व्हरांडा मोकळा ठेवा. मोडकी बाकं रचायची जागा ती नव्हे.
- वर्षातून किमान दोनदा सराव करा, आणि एकदा न सांगता.
- मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात गॅस कोण बंद करणार, दिव्यांग मुलांसोबत कोण राहणार, मेन स्विच कुठे आहे, हे नावानिशी ठरवा.
- मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगा : १९९३, १९९७ किंवा २००१ मध्ये तुम्ही कुठे होतात, काय जाणवलं? एका वर्गातून तीस-चाळीस आठवणी जमतील आणि त्या नकाशावर मांडल्या की तीव्रता गावागणिक कशी बदलते, हे मुलं स्वतःच पाहतील.

आणि अफवांचं काय? ‘आज रात्री दोन वाजता भूकंप येणार’ असे मेसेज प्रत्येक धक्क्यानंतर फिरतात. दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचं भाकीत करण्याची पद्धत आज जगात कुणाकडेही नाही. तेव्हा असा मेसेज आला की तो पुढे पाठवायचा नाही. झालेल्या भूकंपाची माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र देतं, त्यांचं ‘भूकंप’ नावाचं अॅपही आहे. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के येत राहतात, हे मात्र खरं. त्यामुळे तडे गेलेल्या घरात तपासणीशिवाय परत जाऊ नये.

इंदूर २०१७ पासून सलग देशातलं सर्वात स्वच्छ शहर ठरत आलं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा हा धडा कितीतरी घरांत मुलांनीच नेला, आजीला आणि बाबांना टोकून टोकून सवय लावली. पाठ्यपुस्तकातली गोष्ट घरात पोचली की शहर बदलतं, हे इंदूरने करून दाखवलं आहे. भूकंपाचा धडाही तसाच घरी जायला हवा. फ्लॅट बघायला गेलेल्या आई-बाबांना एखाद्या मुलीने विचारलं, "बाबा, या पार्किंगच्या खांबांचं डिझाइन भूकंपाचा विचार करून केलंय का?" आणि बाबांनी तोच प्रश्न बिल्डरला विचारून कागद मागितला, तर त्या धड्याचे मार्क पूर्ण मिळाले असं समजावं.